पोटात दुखतं म्हणणारी सातवीतली मुलगी : एका केसची पूर्ण हकीकत

नवी मुंबईत घणसोलीला राहणारी बारा वर्षांची मुलगी, सातवीत, सेमी इंग्लिश, दुपारची शाळा. वडील वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटला, पहाटेच घर सोडतात, आई रबाळ्याला एका कंपनीच्या कँटीनमध्ये, भाऊ तिसरीत, मूळ गाव साताऱ्याकडचं. तक्रार एकच, जुलैपासून शाळेच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास पोटात दुखायला लागतं, कधी कधी इतकं की व्हॅनवाले काका खाली हॉर्न देतायत आणि ही बेडवर पाय पोटाशी घेऊन पडलेली. ठाणे शहरात माझ्याकडे समुपदेशनासाठी ती आली तोवर सप्टेंबर संपत आला होता. ही केस लिहायची परवानगी आईवडिलांनी दिली आणि मुख्य म्हणजे तिने स्वतः दिली, ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात.

माझ्याकडे यायच्या आधी काय काय झालं ते नीट सांगते, कारण या केसमधलं सगळ्यात महत्त्वाचं तिथेच आहे. शाळेतून निरोप आला की अभ्यासात मागे पडतेय, गैरहजेरी वाढलीये, बहाणे असतील. आईला वाटलं पहिली पाळी यायची असेल म्हणून पोट दुखत असेल, आणि बारा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत हा विचार काही चुकीचा नाही. गावाहून आजीने फोनवर दृष्ट काढायला सांगितली, तीही काढून झाली. मग गणपतीला सगळे गावाला गेले आणि तिथे आठवडाभर पोट एकदाही दुखलं नाही, पोरगी विहिरीवर काय, शेतात काय, दिवसभर उंडारत होती, ताकाचे तांबे रिकामे करत होती. परत आल्यावर पहिल्याच सोमवारी पुन्हा तेच. वडिलांनी निष्कर्ष काढला की दुखणं बिखणं काही नाही, हिला शाळा नकोय. म्हणजे बघा, खूण अगदी बरोबर दिसली होती, की हे दुखणं शाळेशी जोडलेलं आहे, फक्त तिचा अर्थ लावताना ते थेट आळसावर गेले.

ऑगस्टमध्ये एकदा ताप आला, लघवीला जळजळ, बालरोगतज्ज्ञांनी लघवी तपासली तर युरीन इन्फेक्शन निघालं. गोळ्या दिल्या, बरं वाटलं. सप्टेंबरात परत तेच. या वेळी डॉक्टरांनी कल्चर केलं, म्हणजे लघवीत कोणते जंतू आहेत ते तपासलं, सोनोग्राफी केली, तर लघवी करून आल्यावरही मूत्राशयात बऱ्यापैकी लघवी शिल्लक राहिलेली दिसली, आणि पोट तपासताना आतडं मळाने भरलेलं लागत होतं. त्यांनी विचारलं पाणी पितेस का, ती म्हणाली हो. आई तर ठामपणे म्हणाली की मी रोज संध्याकाळी बाटली बघते, रिकामीच असते. डॉक्टर चांगले आहेत, त्यांनी वाद घातला नाही, औषध दिलं आणि आईला बाजूला घेऊन सांगितलं की मला दिसतंय ते आणि तुम्ही सांगताय ते जुळत नाहीये, कुणाशी तरी हिचं बोलणं करून द्या.

इथे थोडं शरीराचं सांगते कारण बऱ्याच पालकांना हे माहीत नसतं. मुलांच्या मूत्राशयात साधारण किती लघवी मावते याचा एक ढोबळ हिशोब डॉक्टर वापरतात, वयात दोन मिळवायचे आणि तीसने गुणायचं, म्हणजे बारा वर्षांच्या मुलीला साधारण ४२० मिली. दर तीनेक तासांनी जायला हवं. ही मुलगी पावणेबाराला घर सोडते आणि साडेसहाला परत येते. इतका वेळ रोज दाबून ठेवायचं म्हणजे ते दाबून ठेवणारे स्नायू नंतर वेळेवर सैल पडायचंही विसरतात, मग घरी येऊन गेली तरी पूर्ण रिकामं होत नाही, उरलेल्या लघवीत जंतू वाढतात, आणि मुलींचा लघवीचा मार्ग आखूड असल्यामुळे त्यांना हे इन्फेक्शन लवकर होतं. जळजळ होते म्हणून मूल आणखी दाबतं. त्यात पाणी कमी प्यायल्यामुळे शी घट्ट होते, आतड्यात साठते, ते भरलेलं आतडं पुढच्या मूत्राशयावर दाबतं. एकदा हे सुरू झालं की नुसत्या अँटिबायोटिकने थांबत नाही. आणि पोट दुखतं म्हणणारं मूल खरंच बोलत असतं, त्याचं पोट खरंच दुखत असतं.

पहिल्या भेटीत मी मुलीशी फार बोललेच नाही, आईशी बोलले. आई घणसोलीहून ट्रान्स हार्बरच्या लोकलने अर्धा दिवस रजा टाकून आली होती, प्रचंड थकलेली, आणि तिचा पहिलाच प्रश्न होता की मॅडम हिच्या फोनमध्ये काय चालतं ते बघायचं ॲप असतं ना, ते टाकू का. हा प्रश्न मला आता दर दुसरे पालक विचारतात. त्यावर मी त्यांना एक अभ्यास सांगते. स्वीडनमध्ये हॉकन स्टॅटिन आणि मार्गारेट केर या दोघा मानसशास्त्रज्ञांनी चौदा वर्षांच्या मुलांवर काम केलं, २००० साली ते छापून आलं. तोपर्यंत समजूत अशी होती की ज्या आईबापांना मुलांचं सगळं माहीत असतं ते चांगलं लक्ष ठेवतात म्हणून. यांनी तपासलं तर दिसलं की पालकांना जे माहीत असतं त्यातलं बरंचसं मुलांनी आपणहून सांगितलेलं असतं, पालकांच्या चौकशीचा आणि नियमांचा वाटा त्या मानाने बराच कमी. म्हणजे ॲप टाकून कळेल ते थोडं, आणि मुलीला समजलं तर आपणहून येणारं जे आहे तेही बंद होणार.

त्याऐवजी आईला एक काम दिलं. एक आठवडा मुलीला काहीही विचारायचं नाही. काय झालं, कुणी काही बोललं का, अभ्यास जमत नाही का, काही नाही. एका वहीत दोन बाजू करायच्या, मागच्या वर्षी करायची आणि आता करत नाही हे एका बाजूला, पूर्वी करत नव्हती आणि आता करते हे दुसऱ्या बाजूला. आणि हे फक्त स्वतःच्या डोळ्यांनी नाही, तिच्या दिवसात जी जी मोठी माणसं येतात त्यांनाही सहज बोलता बोलता विचारायचं. दुसऱ्या मुलींशी तुलना नाही, तिची तुलना तिच्याशीच. मुलं वाढायला लागली की गोष्टी स्वतःपाशी ठेवणारच, दार लावून घेणार, मैत्रिणीशी काय बोलले ते सांगणार नाहीत, ते वयाचं आहे आणि तसंच असायला हवं, पण खाणंपिणं, झोप, खेळ, रोजची येण्याजाण्याची सवय यातलं काही अचानक उलटं झालं आणि ते एका जागी न राहता चार ठिकाणी दिसायला लागलं तर तिथे थांबून बघायला हवं असं माझं ठाम मत आहे.

आईने वही आणली ती मी अजून विसरले नाहीये. सकाळी चहा-पोळी खायची, आता कोरडी खारी खाते आणि चहा ठेवून देते. दहानंतर पाण्याला हात लावत नाही. डब्यात काकडी, कलिंगड असं काही दिलं तर ते भावाच्या डब्यात जातं, हे भावानेच सांगितलं, त्याला वाटत होतं दीदी माझ्यावर प्रेम करतेय. संध्याकाळी बूट न काढता थेट बाथरूममध्ये पळते. व्हॅनवाले काका म्हणाले पूर्वी मागे मैत्रिणींच्या घोळक्यात बसायची, आता दाराजवळ बसते आणि काका चला ना लवकर असा धोशा लावते. खेळाच्या सरांनी सांगितलं खो-खोत असायची, आता पोटाचं कारण सांगून कडेला बसते. रविवारी मात्र दुपारी दोन-दोन ग्लास सरबत. आणि सगळ्यात शेवटी, वॉचमन काका. आईने त्यांना काही विचारलंही नव्हतं, तेच गेटवर कौतुकाने म्हणाले, "वहिनी, तुमची ताई गुणी हो, रोज शाळेतून आली की आपल्या बाटलीतलं पाणी माझ्या जास्वंदीला घालते, बघा कशी फुललीये."

बाटली रिकामी यायची ती अशी. आई रोज तपासते हे तिला माहीत होतं, आईला काळजी वाटू नये आणि प्रश्नही येऊ नयेत म्हणून तिने ही सोय केली होती. मला हे ऐकून फार वाईट वाटलं, राग नाही आला, आणि आईलाही मी तेच सांगितलं की याला खोटारडेपणा म्हणू नका, बारा वर्षांचं लेकरू तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून रोज केवढा उपद्व्याप करतंय ते बघा. आणि आणखी एक, सात माणसांकडे सात तुकडे होते. प्रत्येकाकडचा तुकडा एकटा बघितला तर क्षुल्लक, कुणाला काळजी वाटावी असं त्यात काही नव्हतं, आणि ही माणसं एकमेकांशी कधी बोलतच नाहीत. चाळीत किंवा गावाकडे हे आपोआप व्हायचं, ओट्यावर बसल्या बसल्या, आता ते मुद्दाम करावं लागतं.

मग मुलीशी बोलायची वेळ आली. शरीराच्या या भागाशी, टॉयलेटशी संबंधित काही असलं की सगळ्यात आधी एक शक्यता डोक्यात ठेवावीच लागते, की कुणी तिला त्रास देतंय, हात लावतंय. तसं काही समजलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याने, ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, समुपदेशकालाच नाही तर कुणालाही, आणि मदतीसाठी १०९८ हा नंबर आहेच. त्यामुळे मी तिला आधीच सांगून टाकलं, "तू मला काही सांगितलंस तर मी त्याचं काय करेन ते आधी ऐक. कुणी तुला इजा करत असेल किंवा नको तिथे हात लावत असेल तर ते मी माझ्यापाशी ठेवू शकत नाही, तेव्हा मी मोठ्यांना सांगणार आणि तुला सांगूनच सांगणार. बाकी काहीही असलं तरी तुला विचारल्याशिवाय या खोलीबाहेर जाणार नाही." ती बराच वेळ पेनचं टोपण उघड-बंद करत राहिली आणि मग तिने विचारलं, "पप्पांना कळलं तर ते शाळेत येतील का?"

माझ्या दृष्टीने केस इथे उघडली. ती गप्प होती ती कुणावर विश्वास नव्हता म्हणून नाही. तिने हिशोब केला होता. चौथीत असताना व्हॅनमध्ये एका मुलाने तिला ढकललं होतं, वडील मार्केटमधून तसेच कामाच्या कपड्यात शाळेत गेले, ऑफिसात मोठ्याने बोलले, अख्ख्या वर्गाने खिडकीतून बघितलं, आणि नंतर कित्येक महिने मुलं तिला ते बोलणं नक्कल करून दाखवायची. वडिलांचं तिच्यावर जीवापाड प्रेम आहे आणि तेच तिला परवडत नव्हतं. मुलं काही सांगण्याआधी मनात हे धरूनच चालतात की मी बोलले तर पुढे हे मोठे काय करतील, आणि त्यातलं काहीही त्यांना नको असेल तर "काही नाही" हे उत्तर तयार असतं. आपण मात्र कितीही प्रेमाने विचारलं तरी "काय झालं" एवढंच विचारतो, आपण पुढे काय करणार ते सांगतच नाही.

त्यानंतर मी तिला कारण विचारलं नाही. कागद दिला आणि म्हटलं शाळेचा पूर्ण दिवस काढ, घंटेप्रमाणे, कुठे असतेस आणि कुणाबरोबर, सहावीचा एक दिवस आणि सातवीचा एक. सहावीच्या कागदावर मधल्या सुट्टीत ग्राउंड, नळ, वॉशरूम, सगळीकडे दोन बाहुल्या. सातवीच्या कागदावर दोन्ही सुट्ट्यांना एकच बाहुली, वर्गात, बाकावर. मी नुसतं सहावीच्या कागदावरच्या दुसऱ्या बाहुलीवर बोट ठेवलं.

जूनमध्ये शाळेने तुकड्या बदलल्या. पहिलीपासूनची मैत्रीण ब तुकडीत गेली, तिथे तिचा नवीन ग्रुप झाला. आणि मुलींच्या वॉशरूमच्या दारांना कड्या नाहीत, एकाची तुटलीये, एकाची वाकडी होऊन लागत नाही, एक कायम कुलूपबंद. त्यामुळे मुली जोडीने जातात, एक आत, दुसरी बाहेर दार धरून. इतकी वर्षं या दोघी एकमेकींचं दार धरायच्या. जूनमध्ये एकदा ही वॉशरूमबाहेर थांबली, मैत्रीण नवीन मुलींबरोबर आली आणि म्हणाली, तू तुझ्या वर्गातल्या कुणाला तरी घेऊन ये ना. बस, एवढंच. कुणी मारलं नाही, चिडवलं नाही, मोबाईल नाही की काही नाही. मी विचारलं मग वर्गातल्या दुसऱ्या कुणाला सांगून बघितलंस का, तर म्हणाली, "ज्यांच्याशी आपण नीट बोलतही नाही त्यांना कसं सांगणार, दार धर म्हणून?"

मी यावर बराच विचार केला आहे आणि मला ती अगदी बरोबर वाटते. दार धरायला सांगणं म्हणजे केवढा भरवसा टाकणं, मोठ्या बाईला तरी अनोळखी बाईला सांगवेल का. तर तिने काय केलं, जायची गरजच पडू नये अशी व्यवस्था केली, पाणी बंद. कडीचं सांगितलं तर पप्पा शाळेत येणार. मैत्रिणीचं सांगितलं तर आई मैत्रिणीच्या आईला फोन करणार, कारण दोघी एकाच भिशीत आहेत. आणि मैत्रीण तुटली हे मोठ्याने बोलणं म्हणजे ते खरं होणं, ते तिला सगळ्यात जड जात होतं. पोट, त्याच्या आत पाणी, त्याच्या आत कडी, आणि सगळ्यात आत एकटेपणा, आणि तिथपर्यंत पोचायला शरीराने आजारी पडावं लागलं.

वडिलांशी वेगळं बोलले. रविवारी आले, हात बांधून बसले, पहिली दहा मिनिटं काहीच बोलले नाहीत. चौथीतला प्रसंग मी तिच्या परवानगीने सांगितला तेव्हा म्हणाले, "मॅडम, मी तिच्यासाठीच गेलो होतो ना." खरंच होतं ते, आणि मी तसंच म्हटलं. मग ते स्वतःच म्हणाले की आता काय करू सांगा. ठरलं असं की ते शाळेत जाणार नाहीत, अर्ज देणार, आणि देण्याआधी तो मुलगी वाचणार, तिला नको असेल ते काढायचं. अर्ज त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिला. मुलीने त्यातलं "माझ्या मुलीला" हे काढायला लावलं आणि तिथे "मुलींना" असं करायला सांगितलं. अर्जात चारच गोष्टी, कड्या बसवा, कुलूपबंद आहे ते उघडा, झाकणाची कचरापेटी ठेवा, नळाला पाणी असू द्या. शिक्षणहक्क कायद्यात, २००९ च्या, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं असलीच पाहिजेत असं आहे ते एका ओळीत लिहिलं. आईने वर्गाच्या ग्रुपमधल्या ओळखीच्या तीन-चार आयांना सही करायला विचारलं, तर त्यातल्या दोघींनी घरी मुलींना विचारलं आणि कळलं की त्याही दिवसभर जात नाहीत. एकीची मोठी मुलगी नववीत आहे आणि पाळीच्या दिवसात सरळ दांडी मारते, घरी सांगायची डोकं दुखतंय.

शाळेने आठवड्याच्या आत कड्या बसवल्या. मला शाळेला नावं ठेवायची नाहीत, तिथे कुणाच्या मनात वाईट नव्हतं, फक्त दुरुस्तीच्या यादीत मुलींच्या दाराची कडी कायम खालीच राहते आणि मुली बोलत नाहीत म्हणून कुणाला ती वर घ्यावीशी वाटत नाही. केरळमध्ये २०१९ पासून काही शाळांत मुलांनी पाणी प्यावं म्हणून दिवसातून ठराविक वेळा वेगळी घंटा देतात, कल्पना छान आहे, पण पाणी प्यायल्यावर जायला दार लागणारी जागा हवी, नाहीतर आमच्या या मुलीसारख्या पोरी घंटा झाली की बाटली तोंडाला लावायचं नाटक करतील.

कडीने इन्फेक्शनचा प्रश्न सुटेल, एकटेपणाचा नाही, हे मी आईवडिलांना स्पष्ट सांगितलं. नवीन मैत्रिणी कर असं सांगून कुणाला मैत्रिणी होत नाहीत. वर्गशिक्षिकेशी मी मुलीच्या संमतीने बोलले, फक्त एवढंच की तिला मधल्या सुट्टीत दोन-तीन मुलींबरोबर एखादं काम द्या. त्यांनी वर्गाबाहेरच्या फलकाचं काम दिलं, एकीचं अक्षर चांगलं, एक चित्रं काढते, ही सुविचार आणि बातम्या शोधून आणते. काम असलं की बोलायला विषय लागत नाही. तीन आठवड्यांनी आईचा मेसेज आला की आज डब्यात कलिंगड नेलं आणि भावाला दिलं नाही.

डॉक्टरांचं चालूच आहे. पोट साफ राहायचं औषध काही महिने घ्यावं लागणार, मध्येच बंद केलं तर पुन्हा साठतं. दर अडीच-तीन तासांनी लागली असो नसो जायचं, पाय टेकतील असं बसायचं, घाई न करता पूर्ण होऊ द्यायचं. घरी आईने बाटली तपासणं बंद केलंय, हे मी आग्रहाने सांगितलं होतं. लघवीचा शेवटचा रिपोर्ट स्वच्छ आला. पाळीबद्दल आई तिच्याशी बोललीये, दप्तराच्या छोट्या कप्प्यात पॅड आणि जादा कपडा असतो. सकाळचं पोटदुखीचं गाऱ्हाणं जवळपास थांबलंय, परीक्षेच्या आठवड्यात एकदा झालं, पण तेव्हा तिने आईला आपणहून सांगितलं की हे गणिताचं आहे.

जुन्या मैत्रिणीबद्दल ती अजून फार बोलत नाही. वडिलांना त्या मुलीचं नाव हवं होतं, मुलीने सांगितलं नाही आणि त्यांनी परत विचारलं नाही. आईला नाव माहीत आहे, भिशीत त्या मुलीच्या आईशी भेट होते, पण तिथे हा विषय काढायचा नाही असं तिने मुलीला शब्द दिलाय आणि पाळलाय. पुढची भेट दिवाळीच्या सुट्टीनंतर आहे, त्या वेळी डॉक्टर औषध कमी करायचं का ते बघतील, आणि मुलीने मला सांगून ठेवलंय की तेव्हा तिला पुढच्या वर्षी तुकड्या परत बदलल्या तर काय करायचं यावर बोलायचं आहे.